चार भिंतींची साक्ष

१

बाळ रडलं, हे चार पुरुषांनी ऐकलं. बाळ रडलं नाही, हे एका सुईणीनं पाहिलं. आणि आमच्या मोर्वांच्या राज्यात पुरुषाचं ऐकणं बाईच्या पाहण्यापेक्षा नेहमीच वजनदार ठरत आलंय.

बिशपांचं पत्र आलं तेव्हा मी मठात मुलींना प्रार्थनेचे सूर शिकवत होते. पत्र चारच ओळींचं. डचेस ओदलीन परवा बाळंतपणात गेल्या. बाळही गेलं. सुईण एर्सांद बुरुजातल्या कोठडीत आहे. उद्या मध्यान्हीच्या घंटेला न्यायसभा बसेल, त्याआधी सिस्टर रिशिल्दनं चौकशी करावी.

"मीच का?" मी मठाच्या मातेला विचारलं. "मला गळ्यांची पारख आहे. खुनांची नाही."

"बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जाऊ शकत नाही," माता म्हणाली. "बाईची साक्ष चालत नाही, पण बाईनं विचारलेलं चालतं. जा. आणि मोजे जाड घाल, बांधावर ओल आहे."

मी बांधावरूनच गेले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला समुद्रापेक्षा खाली निजलेली चाळीस गावं. त्यातल्या एका गावात माझ्या भावाचं घर. अकरा वर्षांपूर्वी तिथं होड्या बांधलेल्या असायच्या, आता कोबी पिकतो. हा बांध ड्यूक इल्बेरनं घातला. इल्बेर मूळचा परक्या मुलखातला, कुठल्याशा सरदाराचा धाकटा मुलगा. आमच्या ओदलीनबाईसाहेबांशी लग्न झालं म्हणून ड्यूक झाला. गादी बाईसाहेबांच्या माहेरची. आणि बाईसाहेबांचा चुलतभाऊ, काउंट द्रोगो, अकरा वर्षं एकच गोष्ट म्हणत आलेला: "इतका चांगला दगड समुद्रात घातला! माझ्या हाती राज्य आलं तर पहिला तो उपसून किल्ल्याला लावीन."

आमच्याकडचा कायदा असा. बायको गेली, पण तिचं मूल चार भिंतींच्या आत एकदा जरी रडलं असेल, तर नवरा मरेपर्यंत गादीवर. मूल न रडताच गेलं, तर गादी तिच्या माहेरी परत. म्हणून डचेसच्या बाळंतपणात खोलीच्या चारही बाजूंना बाहेरून चार पुरुष उभे करतात. त्यांना आम्ही नुसतं 'भिंती' म्हणतो.

या खेपेला चारही भिंतींनी शपथेवर सांगितलं होतं, बाळ रडलं.

पण रडलं म्हणजे ते जिवंत होतं. जिवंत होतं, आणि बाप्तिस्मा न होताच सुईणीच्या हातात गेलं. अशा सुईणीला आमच्याकडे ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या खांबाला बांधतात. पुढचं काम भरती करते.

वाड्याच्या दारात पेरिन मशकवाला कातड्याची पिशवी काखेत धरून मर्तिकाचे सूर वाजवत होता. सुरांत कुठंतरी पोकळी वाटली. दुःखाची असेल, असं म्हणून मी आत गेले. डोक्यात एकच घोळत होतं. बाळ रडलं असेल तर म्हातारी बुडणार. रडलं नसेल तर माझ्या भावाचं घर.

२

एर्सांद कोठडीत पेंढ्यावर बसली होती. मनगटांवर दोरांचे वळ. मला बघून तिनं डोळे बारीक केले.

"रिशिल्द ना तू? मीठवाल्या ओद्रीची? पायाळू जन्मलीस तू. आईला दीड दिवस रडवलंस. आता देवाची झालीस होय!"

"आजी, वेळ थोडा आहे. काय झालं ते सांग."

"काय सांगू? मूल आडवं होतं. बाईसाहेबांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेल्या. मूल अजून पोटात."

"मग?"

"मग काय, पोट उघडलं. आई गेली तर मूल काढलंच पाहिजे, हा फादरचाच हुकूम आहे ना? खोलीत मी आणि ती दासी, माओत. तिला म्हटलं, तू उशाशी बस, बाईसाहेबांचं तोंड उघडं राहील असं बघ."

हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. गेलेल्या आईचं तोंड उघडं ठेवलं की आतल्या जिवाला वारा मिळतो.

"मुलगा होता," एर्सांद म्हणाली. "निळाजांभळा. मी त्याला घेऊन धावले शेकोटीशी. चोळला, उलटा धरला, तोंडात फुंकर घातली. नाही गं. माझ्या हातून चारशे पोरं झाली असतील. जीव असलेलं पोर हाताला कळतं. हे ओल्या फडक्यासारखं होतं."

"म्हणजे रडलं नाही."

"नाही."

"मग चार भिंतींनी काय ऐकलं? चौघंही खोटारडे?"

ती भिंतीकडे तोंड करून बसली. मला वाटलं, झालं, आता ही बोलणार नाही. मग तिनं तोंडावर हात ठेवून, बोटांच्या फटीतून सांगितलं:

"खोटारडे नाहीत ते. रडणं मीही ऐकलं."

"आजी!"

"ऐकलं मी, रिशिल्द. लख्ख ऐकलं. आणि त्याच वेळी पोर माझ्या हातात होतं, त्याच्या तोंडाकडंच बघत होते मी. ओठ मिटलेले होते त्याचे."

३

चार भिंतींना मी एकेक करून भेटले.

पूर्वेची भिंत म्हणजे म्हातारे कारभारी आन्केतिल. कानानं अधू. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या वाड्याशी बोलणं.

"रडणं ऐकलंत का?" मी ओरडले.

"गुडघा? गुडघा बरा आहे."

"बाळाचं रडणं!"

"हां, हां! ऐकलं म्हणजे काय! माझ्या कानातच कुणी ओरडल्यासारखं. तीन वर्षांत इतकं स्पष्ट काही ऐकलं नव्हतं मी." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "वाटलं, देवानं त्या आवाजापुरते माझे कान परत दिले."

पश्चिमेची भिंत म्हणजे बहिरी ससाणे सांभाळणारा गिरार. कोस कोस लांबून पक्ष्याच्या पायातली घंटी ओळखणारा.

"ऐकलं, पण बारीक," तो म्हणाला. "लांबून आल्यासारखं. मला वाटलं पोर अशक्त आहे."

उत्तरेला होते फादर फुल्क. "रडलं, एकदाच रडलं, आणि त्या बाईनं त्याला देवाच्या दारी पोचू दिलं नाही," एवढं बोलून ते माळ ओढू लागले.

दक्षिणेची भिंत मात्र मला सगळ्यात जड वाटली. तो होता काउंट द्रोगोचा माणूस, सरदार रेनुफ. कायद्यानं एक भिंत माहेरची असते.

"तुम्हीसुद्धा ऐकलंत?"

"ऐकलं, सिस्टर." त्यानं तोंड वाकडं केलं. "माझा धनी मला सोलून काढील. नाही ऐकलं म्हटलं असतं तर आज मला गावं इनाम मिळाली असती. पण संताच्या अवशेषावर हात ठेवून खोटं बोलायची छाती नाही माझी."

म्हणजे कुणी कुणाला फितवलेलं नव्हतं. चौघंही खरं बोलत होते, आणि कोठडीतली म्हातारीही.

मला वकिली येत नाही. मला येतं ते एवढंच, माणसाकडून सूर काढून घेणं. मी चौघांनाही तेच सांगितलं: "ते रडणं जसं ऐकलंत तसं काढून दाखवा."

फादर रागावले, गिरार लाजला, रेनुफ हसला. पण काढलं चौघांनी. आणि माझ्या अंगावर काटा आला.

नवं बाळ तुटक रडतं. हुंदका, श्वास, पुन्हा हुंदका. वर चढतं, फाटतं, थरथरतं. चौघांनी काढलं ते मात्र एकच लांब, सरळ सूर. सुईत दोरा ओवल्यासारखा. आणि चौघांचाही सूर एकच! कानानं अधू आन्केतिलचासुद्धा तोच. अशा सुरात लावलेलं बाळ या जगात कुठल्या आईला झालंय?

मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि मी जिना चढायला लागले. बहिऱ्याला सगळ्यात मोठं ऐकू आलं. सगळ्यात तिखट कानाच्या माणसाला सगळ्यात बारीक.

खोलीचं दार ढकललं. पश्चिमेच्या भिंतीला शेकोटी, जिथं एर्सांद बाळाला घेऊन बसली होती. पूर्वेच्या भिंतीला पलंगाचं उसं.

रडणं शेकोटीकडून आलंच नव्हतं. ते आलं होतं मेलेल्या डचेसच्या उशीवरून.

४

"आजी, ते रडणं कुठून आलं?"

एर्सांदनं मान खाली घातली. "पाठीमागून. पलंगाकडून. हे मी त्या फादरला सांगितलं असतं तर? मेलेली बाई रडली म्हणाले असते, एर्सांदनं चेटूक केलं म्हणाले असते. पाण्यात बुडायचं ते बुडायचं, वर चेटकीण म्हणून कशाला बुडू?"

मी परत वर गेले. माओत पलंगाच्या चादरी घड्या घालत होती. विशीतली पोरगी, डोळे रडून सुजलेले. मला बघताच तिच्या हातातली घडी सुटली.

"माओत, बाईसाहेबांचं तोंड तू कसं उघडं ठेवलंस?"

"बोटानं धरत होते, सिस्टर. पण हात थरथरायला लागले. आजी ओरडली, काहीतरी पोकळ घाल. मी खाली धावले. पेरिन ओट्यावर त्याच्या बोरूच्या नळ्या वाळत घालतो, त्यातली हाताला आली ती उचलली. दातांत धरवली. पडू नये म्हणून भोवती ओली लोकर दाबून बसवली."

"नाक?"

"नाकातून रक्त येत होतं. त्यातही लोकरीचे बोळे घातले मी. चुकलं का माझं?"

"नाही गं. मग?"

"मग आजी बाळाला घेऊन शेकोटीकडं गेली. खालची चादर भिजली होती. मी बाईसाहेबांना उचलून कुशीवर वळवलं, छातीशी धरून. आणि तेवढ्यात बाळ रडलं! मीच ओरडले, रडलं, रडलं म्हणून."

तेवढ्यात. ती वळवत होती, तेवढ्यात.

मी जिन्यावरून उतरले ती थेट पेरिनसमोर. ओट्यावर बसून तो मशकेची पिशवी तेलानं चोळत होता.

"पेरिन, मघाशी वाजवताना तुझ्या सुरांत काय कमी होतं?"

"कान आहे तुम्हाला, सिस्टर!" त्याला बरं वाटलेलं दिसलं. "माझी धाकटी मुकी झाली ना."

"किती वर्षांची आहे?"

"कोण? अहो, माझ्या मशकेची धाकटी नळी! थोरली घुमते, धाकटी रडते, तेव्हा कुठं मर्तिक मर्तिकासारखं वाटतं. तिच्या पोटात जिभेची बोरू असते. ही अशी." त्यानं थोरलीतली करंगळीएवढी बोरू काढून दाखवली. तिच्या अंगावर चाकूनं एक बारीक पातळ जीभ उचललेली. "वारा लागला की ही जीभ थरथरते. धाकटीची कुणीतरी उचलून नेली मेल्यानं."

"धाकटीचा सूर काढून दाखव. तोंडानं."

त्यानं काढला. लांब, सरळ. सुईत दोरा ओवल्यासारखा.

मेलेल्या माणसाच्या छातीत शेवटचा श्वास उरलेला असतो, प्रेताला आंघोळ घालणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. वळवताना तो बाहेर येतो. नाक बंद, ओठ बंद, वाट एकच. आणि त्या वाटेवर पेरिनच्या बोरूची जीभ.

खून कुणीच केला नव्हता. बाळही रडलं नव्हतं. आईचा उरलेला श्वास रडला होता.

मी पुन्हा वर धावले. "माओत, ती बोरू कुठं आहे?"

"तेच तर कळत नाही मला," ती कुजबुजली. "थोड्या वेळानं मी बाईसाहेबांचं तोंड पुसायला गेले तर बोरू नव्हती. मध्ये फक्त सरकार आत आले होते, निरोपापुरती नवऱ्याला मोकळीक असते म्हणून. एकटेच बसले होते त्यांच्याजवळ."

५

ड्यूक इल्बेर बांधावर सापडला. भरती चढत होती. तो एकटाच पाण्याच्या दाराशी उभा राहून दगडांच्या सांध्यांतून हात फिरवत होता. तळ्याकाठी मिठाच्या वाफ्यांत बायका काम करत होत्या, त्यांचं नेहमीचं गाणं वाऱ्यावर तुटत तुटत येत होतं:

समुद्रा सासरिया, नको येऊ माझ्या दारी,
बांधाच्या गं आड माझी निजली लेकरं सारी.

"सरकार," मी म्हटलं, "बाईसाहेबांच्या तोंडातून तुम्ही काय काढलंत?"

त्यानं वळून पाहिलं. तीन दिवसांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. कंबरेच्या थैलीतून त्यानं बोरू काढली आणि तळहातावर ठेवली.

"निरोपाचं चुंबन घ्यायला वाकलो," तो म्हणाला. "हे आड आलं. रागानं ओढून काढलं. तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पेरिन धाकटी हरवली म्हणून शिव्या घालत होता. तेव्हा कळलं."

"कळलं, तरी गप्प बसलात."

"तुझं घर कुठं आहे, सिस्टर?"

"भाऊ राहतो. तिसऱ्या गावात, खळग्यात."

"मग मला कशाला विचारतेस?" त्याचा आवाज चढला. "द्रोगोला मी ओळखतो. दोन पावसाळ्यांत हा बांध उपसला जाईल. चाळीस गावं एका पारड्यात, एक म्हातारी दुसऱ्या पारड्यात. सांग ना! तू तर देवाची माणूस आहेस."

खरं सांगायचं तर ती बोरू हिसकावून पाण्यात टाकावी असं माझ्याच मनात येऊन गेलं. भावाची तीन लेकरं डोळ्यांसमोर आली. मग एर्सांदची मनगटं आली.

"पारडी मला जमत नाहीत, सरकार," मी म्हटलं. "एवढंच विचारते. बाळ कुठं ठेवलंय?"

तो चरकला. "फादरनी चर्चच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलं. वाळूत. रडलं, जगलं, बाप्तिस्म्याशिवाय गेलं, म्हणून आत जागा नाही."

"आणि रडलंच नसेल तर?"

"तर काय?"

"तर ते आईपासून वेगळं कधी झालंच नाही. बाळंतपणात गेलेल्या बायकांना आमच्या मठातल्या आम्हीच कफन घालतो. न रडलेलं बाळ आईच्याच कफनात जातं, तिच्या कुशीत. त्याला कुणी कुंपणाबाहेर काढू शकत नाही. फादर फुल्कसुद्धा नाही."

ड्यूक माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मूठ मिटली, बोरू आतच ठेवून, आणि वाड्याकडे चालू लागला.

सकाळी मी पेरिनला शोधायला गेले. दुसरी बोरू कापून घ्यायची, सभेपुढं वाजवून दाखवायची, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. ओटा रिकामा होता.

"पेरिन? त्याला सरकारांनी पहाटेच बोलावून नेलं," स्वयंपाकीण म्हणाली. "मशकेसकट. कुठं नेलं, काय माहीत."

६

आमच्याकडे भिंतीची साक्ष भिंतीला हात लावूनच द्यायची असते. म्हणून न्यायसभा त्या खोलीबाहेरच भरली. चार भिंती चार बाजूंना उभ्या राहिल्या. खोलीच्या दारावर जाड पडदा. बिशपांचा न्यायाधीश मधल्या खुर्चीत. खिडकीतून किनाऱ्यावरचा खांब दिसत होता, ओहोटीनं बुंध्यापर्यंत उघडा पडलेला. एर्सांदला दोन शिपायांनी धरून आणलं होतं. तिनं खांबाकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

ड्यूकची खुर्ची रिकामी होती.

"सिस्टर रिशिल्द," न्यायाधीश म्हणाले, "चौकशी झाली?"

"झाली. बाळ रडलं नाही."

"आधार?"

मी बहिऱ्या कारभाऱ्यांचं सांगितलं, गिरारचं सांगितलं, सुराचं सांगितलं, बोरूचं सांगितलं. माझा आवाज माझ्याच कानाला बारीक लागत होता.

"बोरू कुठं आहे?"

"माझ्याजवळ नाही."

"कुणी पाहिली?"

"माओतनं. दासीनं."

"बाईनं," फादर फुल्क म्हणाले. "बोरू नाही, पुरुष साक्षीदार नाही. चार पुरुषांच्या कानांपुढं हिची एक गोष्ट! घंटा व्हायला आली, महाराज."

न्यायाधीशांनी सुस्कारा टाकून हात उचलला. शिपायांनी एर्सांदचे दंड घट्ट धरले. मध्यान्हीच्या घंटेचा पहिला टोल पडला.

आणि पडद्याआडून बाळ रडलं.

एकदाच. लांब, सरळ.

शिपायांचे हात गळून पडले. पूर्वेच्या भिंतीशी आन्केतिल ढसाढसा रडत ओरडले, "तेच! अगदी तेच! माझ्या कानात!"

"तेच," दक्षिणेकडून रेनुफ म्हणाला. गिरारनं नुसती मान हलवली. फादर फुल्कनी माळ खाली टाकली होती.

न्यायाधीशांनी स्वतः उठून पडदा ओढला. पलंगाच्या उशाशी ड्यूक इल्बेर बसला होता. मांडीवर पेरिनची मशक, आणि पिशवीच्या तोंडाशी ती बोरू. पेरिन बाजूला कोपऱ्यात उभा, शेल्यानं डोळे पुसत.

"बोरू माझ्या बायकोच्या तोंडातून मी माझ्या हातानं काढली," ड्यूक म्हणाला. "मी पुरुष आहे. माझी साक्ष चालते. माझा मुलगा रडला नाही."

रेनुफ पुढं झाला. "सरकार, म्हणजे गादी..."

"निकाल लिहून होईपर्यंत ड्यूक मीच आहे ना, महाराज?"

"लिहून होईपर्यंत, हो," न्यायाधीश म्हणाले.

"मग सावकाश लिहा. माझे दोन हुकूम आहेत. या बाईला सोडा. आणि बाईसाहेबांची कबर अजून बंद झालेली नाही. वाळूतून माझ्या मुलाला काढा, आणि त्याच्या आईच्या कुशीत ठेवा. फादर, तुमची काही हरकत?"

फादर फुल्कनी मान हलवली. हरकत घ्यायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं.

बाळाला कुशीत ठेवताना मी तिथं होते. माओतनं कफनाची घडी उलगडली, एर्सांदनं बाळ ठेवलं, मी कडा शिवली. ड्यूक सगळा वेळ कबरीच्या दालनाच्या दाराशी उभा राहिला, पुरुषांनी जिथवर यायचं तिथवर. तोपर्यंत वाड्यात निकाल लिहून झाला होता.

तिसऱ्या प्रहरी मी मठाकडं निघाले. एर्सांद बरोबर निघाली, तिचं गावही बांधापलीकडंच. तिच्या पाठीवर तिचं गाठोडं, पण सुजलेल्या मनगटांनी ते धरवेना. बांधाच्या तोंडाशी कुणीतरी मागून येऊन ते तिच्या पाठीवरून उचललं.

"सरकार!" ती दचकली.

"सरकार नाही आता."

"मग काय म्हणू?"

"इल्बेर म्हण. माझ्या आईनं तेच ठेवलं होतं."

एर्सांदनं सुजलेली मनगटं चोळली. मग म्हणाली, "मला तीन दिवस कोंडलंस, इल्बेर."

"हो."

"दोन दिवस माहीत असून कोंडलंस."

"हो."

"मला अजून राग आहे."

"असू दे."

"गाठोडं नीट धर. आत काचेची बरणी आहे."

समोरून घोडे येत होते. काउंट द्रोगोची निशाणं, पंधरा-वीस स्वार, नवं राज्य ताब्यात घ्यायला घाईनं निघालेले. बांध अरुंद. पुढच्या स्वारानं लांबूनच चाबूक उगारला.

"ए हमाल! म्हाताऱ्यांना घेऊन बाजूला हो!"

इल्बेरनं गाठोडं छातीशी घेतलं आणि उताराच्या ओल्या दगडांवर उतरला. एक हात वर करून त्यानं एर्सांदचा दंड धरला, तिचा पाय घसरू नये म्हणून. घोड्यांच्या टापांनी उडालेला चिखल तिघांच्या अंगावर आला. शेवटचा घोडा जाईपर्यंत त्यानं तिचा हात सोडला नाही.